सुंठीचा हिरवा ठिपका

दिवाळी अंकात माझा लेख येणार हे सांगायला मी गावी आईला फोन केला. आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, साकोलीच्या पलीकडं. आईनं विचारलं, "कायच्यावर लिवतेस गा बाबू?"

"कुत्र्या-मांजरांच्या खाण्यावर."

आई म्हणाली, "अन् लोक थे चकली खाता खाता वाचतीन?"

तेव्हापासून धाकधूक आहे. तशी ती मला कायमच असते. दुकानाचं शटर ओढल्यावर कुलूप हलवून बघतो, कोपऱ्यापर्यंत जातो आणि परत येऊन हलवतो. नववीतून शाळा सुटली, पुण्यात आलो, आणि शनिवार पेठेतल्या या प्राण्यांच्या खाण्याच्या दुकानात गीतामॅडमनी मला ठेवून घेतलं. केस पांढरे व्हायला लागले तरी मला वाटतं, एक दिवस कुणीतरी येईल आणि म्हणेल, चूक झाली, ही जागा दुसऱ्या कुणाची होती. अजून आलेलं नाही. मॅडमचे उपकार, आणि पुण्याचेही.

अंकाच्या संपादकबाई आमच्या गिऱ्हाईक. त्यांच्याकडं दोन बोके आहेत. त्या म्हणाल्या, "देवराम, काउंटरवर जे बोलता तेच लिहा. फक्त 'जी' कमी करा." आमच्या भागात वाक्याच्या शेवटी 'जी' लावतात, ती सवय सुटली नाही. लिहिताना जमतंय, बोलताना जमत नाही.

तर काउंटरवर मी जे बोलतो, त्यातलं निम्मं एकाच प्रश्नाचं उत्तर असतं. "कुत्र्याचं खाणं मांजराला चालतं का हो?"

विचारायच्या तऱ्हा वेगळ्या. काही जण खालच्या आवाजात विचारतात, म्हणजे मांजरानं ते आधीच खाल्लेलं असतं. काही जण कुत्र्याच्या मोठ्या पिशवीवर हात ठेवून विचारतात, कारण ती किलोमागं स्वस्त पडते. आणि काहींचं ठरलेलं असतं, त्यांना फक्त माझी मान हललेली बघायची असते. पुण्यात असे बरेच.

माझं उत्तर असं, की ते विष नाही. कुत्र्याच्या भांड्यातले दाणे मांजरानं एखाद्या दिवशी खाल्ले तर घाबरायचं कारण नाही. येरवड्याहून एक वॉचमनदादा येतात, सोसायटीच्या कुत्र्यांसाठी खाणं नेतात. परवा ते चेहरा पाडून आले. "रातच्याला मांजरं बी त्यातलं खात्यात, मरतीन का?" म्हटलं, नाही मरणार. ती मांजरं बाकी दिवसभर आपलं आपण बघतात. पण घरात कोंडलेलं मांजर, आणि त्याचं रोजचं जेवण तेच, असं असेल तर नाही. अजिबात नाही.

का, ते मॅडमनी मला सांगितलं होतं. कुत्रा आपल्यासारखा, मिळेल त्यावर निभावून नेतो. मांजराला मांसच लागतं. मांसात टॉरीन नावाचं एक द्रव्य असतं. कुत्र्याचं शरीर ते स्वतः बनवून घेतं, म्हणून कुत्र्याच्या खाण्यात ते घातलेलं असेलच असं नाही. मांजराला ते पुरेसं बनवता येत नाही, बाहेरूनच मिळावं लागतं. नाही मिळालं तर सुरुवातीला काहीच दिसत नाही. मांजर खातं, झोपतं, गुटगुटीत होतं. आणि आतल्या आत डोळे आणि हृदय झिजत राहतात.

मला हे लवकर समजलं, कारण मी भाताच्या मुलखातला. पुण्यात आलो तेव्हा मेसमध्ये पोळ्या आणि वर चमचाभर भात. पोट भरायचं, ढेकरही यायचा, पण जेवलो असं वाटायचं नाही. आई फोनवर विचारायची, "जेवला का?" मी म्हणायचो, "पोट भरलं." त्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे ती ओळखायची.

विश्रांतवाडीला मी राहतो, तिथं माझ्याच गल्लीत एक आयटीतलं जोडपं आहे. त्यांच्याकडं लॅब्रडॉर आणि मांजर, दोन्ही. ती मुलगी एकदा म्हणाली, "दादा, कॅट डॉगचं खाते आणि डॉग कॅटचं खातो. दोघं हॅपी आहेत. इश्यू काय आहे?" कुत्रा मांजराचं खाऊन इतका जाड झाला होता, की लिफ्टमधून बाहेर पडताना बसून घ्यायचा. मी म्हटलं, मांजराची वाटी वॉशिंग मशीनवर ठेवा, आणि कुत्र्याचं खाणं झालं की भांडं उचला. आठवड्यानं ती भेटली. "दादा, सॉल्व्ह्ड. पण आता डॉग मशीनसमोर बसून रडतो." मी म्हटलं, रडू दे. त्यानं वजन उतरेल.

अशी बरीच गिऱ्हाइकं. पण लिहायला बसलो ते लिमयेकाकांसाठी.

लिमयेकाका आमच्याच पेठेत, नव्या बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. बँकेतून निवृत्त. पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी. पहिल्यांदा आले तेव्हा सगळ्या मांडण्यांसमोरून चष्मा वर करून फिरले. प्रत्येक पिशवी उलटी करून बघत होते. शेवटी कुत्र्याच्या शाकाहारी खाण्याची पिशवी काउंटरवर ठेवली. खाण्याच्या पाकिटांवर ठिपका असतो ना, शाकाहारीला हिरवा, मांसाहारीला तपकिरी? त्या पिशवीवर हिरवा होता.

पैसे दिले आणि तिथंच पिशवी फोडली. एक दाणा काढला, उजेडात धरला, तोंडात टाकला. बराच वेळ चावला.

"मीठ कमी आहे."

"काका, ते कुत्र्याचं आहे जी!"

"मला वाचता येतं."

मी घाबरत विचारलं, "कुत्रा कुठला आहे काका तुमच्याकडं?"

"कुत्रा नाही."

"मग कुणासाठी जी?"

"तुम्हाला माल विकायचाय, की चौकशी आयोग नेमायचाय?"

पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. पिशवी फोडली, दाणा खाल्ला, मान हलवली, गेले. आता माझ्यासारख्या माणसाच्या डोक्यात काय येणार? कुत्रा नाही म्हणतात, आणि स्वतः खातात. मी मॅडमना म्हटलं, "मॅडम, काकांचे घरी काही हाल तर नसतील?" मॅडम हसून हसून खुर्चीत बसल्या. तरी मी माझ्याकडून त्यांच्या पिशवीत ग्लुकोज बिस्किटांचा पुडा सरकवला. दुसऱ्या दिवशी काका पुडा घेऊन हजर. "हे मागवलेलं नव्हतं. बाकी दुकानातही असाच कारभार असतो का?"

मग एकदा त्यांचा फोन आला. पाय मुरगळला होता. "पिशवी वर आणून द्यावी. घंटा एकदाच वाजवावी. आम्ही बहिरे नाही."

मी एकदाच वाजवली. दार लिमयेकाकूंनी उघडलं. गुडघे धरून चालणाऱ्या, हसऱ्या. त्यांच्या मागून सुंठेच्या रंगाची एक मांजरी आली. नावही सुंठी. तेव्हा कुठं उलगडा झाला. मांजराच्या खाण्यात हिरव्या ठिपक्याची पिशवी आमच्याकडं नव्हतीच, म्हणून काका कुत्र्याची नेत होते. मी मांजराला कुत्र्याचं खाणं पोचवत होतो.

मी पिशवी दाराशी टेकवली. सुंठी येताना पिशवीला धडकली, दचकली, बाजूनं गेली. मग स्टुलावर उडी मारायला गेली आणि स्टुलाच्या अलीकडंच पडली. काकू म्हणाल्या, "वेंधळी आहे हो हल्ली. पण डोळे बघा किती टपोरे झालेत! लहान असताना असे नव्हते."

गॅलरीतून लख्ख ऊन येत होतं. उन्हात मांजराच्या बाहुल्या बारीक रेघेसारख्या होतात. सुंठीच्या काळ्याभोर, गोल, दोन्ही डोळे भरून.

मला खात्री नव्हती. मी काही डॉक्टर नाही, मनात म्हटलं चुकलो तर मॅडमचं गिऱ्हाईक जाईल. पण तोंडातून निघून गेलं. "काका, हे खाणं मांजराचं नाही जी. आणि हिचे डोळे एकदा दाखवून घ्या."

काका पाय उशीवर ठेवून बसले होते. "शिक्षण किती झालंय आपलं?"

"नववी."

"मग डॉक्टर कधी झालात?"

"नाही झालो काका. म्हणून तर म्हणतो डॉक्टरला दाखवा."

काकांनी पेपर उघडला. म्हणजे मी जायचं होतं. जिना उतरताना वाटलं, संपलं. संध्याकाळी दुकानातला फोन वाजला की मी मॅडमच्या तोंडाकडं बघत होतो.

फोन आला तो सकाळी. "मांजर न्यायचा पिंजरा असतो ना तुमच्याकडं? तो घेऊन या. आणि तुम्ही पण या." मागून काकूंचा आवाज येत होता, "नीट बोला जरा त्यांच्याशी." काका म्हणाले, "नीटच बोलतोय."

रिक्षात पिंजरा माझ्या मांडीवर, काका काठी टेकून शेजारी. वाटभर सुंठी ओरडत होती आणि काका रिक्षावाल्याला कुठल्या गल्लीतून वळायचं ते सांगत होते.

डॉक्टरबाईंनी कापसाचा बोळा घेतला आणि सुंठीच्या एका बाजूला वरून सोडला. कापूस पडताना आवाज होत नाही. मांजराला दिसला तर ते मानेनं माग काढतं. सुंठीनं मान हलवली नाही. दुसऱ्या बाजूनं सोडला. तिकडं तिनं जरा उशिरा, पण बघितलं. बाई पुन्हा पहिल्या बाजूला आल्या, पुन्हा सोडला. बोळा टेबलावर पडला आणि सुंठी आपले ते टपोरे डोळे लावून भिंतीकडं बघत राहिली.

काका काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते.

तपासणी झाल्यावर बाई म्हणाल्या, "डोळ्याचा मागचा पडदा खराब झालाय. गेलं ते परत येणार नाही. हृदय अजून ठीक आहे. राहिलेली नजर वाचवता येईल, पण खाणं आजपासून बदलायचं. टॉरीनचं औषध देते, आणि रोजचं जेवण मांजराचंच हवं."

"म्हणजे मांसाहारी," काका म्हणाले.

"मांजर आहे काका ते."

"आमच्या लहानपणी घरात मांजरं दूधभातावर वाढली. ठणठणीत."

बाई हसल्या. "दूधभात तुमच्यासमोर खायची. बाकीचं तुमच्यामागे." मग जरा हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्या फ्लॅटला जाळ्या आहेत. उंदीर नाहीत, पाली नाहीत. तिला मागे काहीच नाही."

परत येताना रिक्षात काका रस्ता सांगायचे विसरले. लक्ष्मी रोडच्या गर्दीत आम्ही अडकलो तेव्हा एकदम म्हणाले, "टपोरे डोळे म्हणून आम्ही कौतुक करत होतो."

मी पिंजऱ्यावर हात ठेवून बसलो.

सगळं समजून असूनही दारात आल्यावर काका थांबले. मी मांजराच्या खाण्याची छोटी पिशवी सोबत घेतली होती, तिच्यावर तपकिरी ठिपका. काका म्हणाले, "हे उंबऱ्याच्या आत येणार नाही. आजवर आलेलं नाही." ते चिडून बोलले नाहीत. अडचणीत सापडलेल्या माणसासारखे बोलले. एका बाजूला तो उंबरा, दुसऱ्या बाजूला पिंजऱ्यातलं ते म्यॅव. मला दोन्ही खरं वाटत होतं. मी मासे-भात खाणारा माणूस, पण आमच्याही घरी आई काही वार पाळते, त्या दिवशी चूल वेगळी असते. कुणाला हसायचं?

मी म्हटलं, "काका, मी रोज दोन वेळा येऊन बाहेर खाऊ घालीन जी." काका म्हणाले, "आणि दुकान कोण बघेल? मी?"

तेवढ्यात काकू आतून म्हणाल्या, "घरात नको ना? मग जिना कुठं घरात येतो?"

काकांनी जिन्याकडं बघितलं. दारासमोर चपलांचं कपाट, त्याच्याशेजारी थोडी जागा. पण कठड्याच्या गजांत फट. अर्धवट दिसणारं मांजर तिथून सरळ खाली जाईल. काका म्हणाले, "मग मला बसावं लागेल."

असं ठरलं. पिशवी चपलांच्या कपाटात वरच्या खणात, कुलूप लावून. सकाळ-संध्याकाळ काका घडीची खुर्ची टाकून कठड्याला पाठ लावून बसणार आणि सुंठी त्यांच्या पायांच्या कुंपणात जेवणार. भिंतीवर पाटी लागली: 'मांजर जेवत आहे. मोबाईलवर बोलत जाऊ नये.'

सगळं झालं, पण सुंठी जेवेना. नवीन खाणं हुंगायची आणि पाठ फिरवायची. डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, मांजराला उपाशी ठेवून वाट बघायची नाही, यकृतावर जातं. दुसऱ्या संध्याकाळी काकांचा फोन. "या."

मी गेलो. काका खुर्चीवर, वाटी भरलेली, सुंठी वाटीकडं पाठ करून. काकू उंबऱ्याच्या आत स्टुलावर.

"जुनं खाणं मिसळून बघितलं का काका?"

"बघितलं. जुनं वेचून खाते." मग काका माझ्याकडं न बघता म्हणाले, "मी हे चाखलेलं नाही ना."

मला कळलं नाही. काकू म्हणाल्या, "अहो, त्यांचा नियम आहे. आपण तोंडात घालणार नाही ते दुसऱ्यापुढं ठेवायचं नाही. कुणालाही. माझं पथ्याचं अळणी जेवणसुद्धा आधी एक घास खातात, आणि मग तोंड वाकडं करून मला देतात."

म्हणून ते दुकानात दाणा खायचे. आणि मी बिस्किटं घालत होतो.

काकांनी वाटीतला एक दाणा दोन बोटांत धरला. बघितला. परत ठेवला. कुत्र्याचा दाणा चावून खाणारा माणूस, पण हे त्यांच्यानं होईना, आणि न चाखता ठेवायचं हेही होईना. सुंठी पाठ करून बसलेली.

मी म्हटलं, "काका, मी चाखू का जी?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग वाटी पुढं केली. "घ्या."

मी दाणा तोंडात टाकला. कडक, सुकटीसारखा वास, चव म्हणाल तर नाहीच. दोघं माझ्या तोंडाकडं बघत होते. मी गिळला.

"काय?"

"मीठ कमी आहे, काका."

"मग बरोबर आहे," काका म्हणाले आणि वाटी खाली ठेवली.

मी जुन्या खाण्याचा बारीक चुरा करून वरून भुरभुरला, कोमट पाण्याचा हबका मारला. वास सुटला. सुंठीनं मान वळवली. नाकानं वाटी शोधली. जिभेनं चाटलं, थांबली, आणि मग कटकट आवाज करत खायला लागली. काकूंनी डोळ्याला पदर लावला. काका म्हणाले, "रडू नका, तिचं लक्ष जाईल."

मॅडम म्हणतात, चुऱ्यामुळं खाल्लं. काका म्हणतात, चाखल्यामुळं. मी दोन्ही चालू ठेवलंय. आजही नवी पिशवी आली की मला जिन्यावर बोलावणं येतं. पिशवी फुटते, मी चाखतो, मगच ती खणात जाते. दुकानात नवा माल आला तरी आता मी एक दाणा तोंडात टाकतो. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पुण्याले जाऊन हेच शिकला का गा?" आणि मग लगेच, "मंग कसा लागते?"

एक खंत आहे, ती आहेच. तो डोळा गेला तो गेला. लोक विचारायच्या आधी खाऊ घालतात आणि मांजर धडकायला लागल्यावर विचारतात, आणि आम्ही काउंटरमागून कुणाच्या घरात डोकावू शकत नाही. म्हणून आता हिरव्या ठिपक्याची पिशवी कुणी घेतली की मी विचारतोच, घरात कोण आहे खाणारं? ओरडा खातो. पुण्यात ओरडा खाल्ल्यानं काही होत नाही.

गेल्या महिन्यात सुंठीला पुन्हा दाखवलं. काकू वातींसाठी कापूस पिंजतात, त्यातला बोळा घेऊन काका रोज घरी परीक्षा घेतात, तरी निघताना त्यांनी आणखी एकदा घेतली. बाईंनी बोळा सोडला. एका बाजूला काही नाही. दुसऱ्या बाजूला सोडला, आणि सुंठीनं तो हवेतच पंजानं पाडला. बाई म्हणाल्या, "जेवढं होतं तेवढं टिकलंय. अजिबात कमी झालेलं नाही."

काका म्हणाले, "मग फी कसली घेता?" आणि खिशातून पाकीट काढलं.

काकांच्या घरी पोचलो तर मॅडमनी पाठवलेली नवी पिशवी आलेलीच होती. काकांनी खुर्ची टाकली. मी चाखलं, सांगितलं, सुंठी जेवली. काकांनी कुलूप लावलं, जिन्यावरच्या नळाला हात धुतले. मी निघालो, तर आतून काकूंचा आवाज आला.

"देवराम, चूळ भरा आणि आत या. भात उतरवलाय."

कुणीतरी त्यांना सांगितलं असणार, मी भाताचा माणूस म्हणून. मी चूळ भरली, नीट, दोनदा, आणि उंबरा ओलांडला. पानात वाफेचा भात, वर वरण, तूप. काकांनी आधी आपल्या पानातला एक घास खाल्ला, मग मला म्हणाले, "बसा. मीठ बरोबर आहे."

रात्री आईनं फोनवर विचारलं, "जेवला का गा बाबू?"

म्हटलं, "जेवलो."